चौदा प्लेट्स, सहा जण आणि एक वाढपी

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या, छोट्या प्लेट्स मध्ये ठेवून वाटून खाण्याच्या एका उंची रेस्टॉरंटमध्ये आम्ही सहा मित्रमैत्रिणी जेवायला गेलो होतो. मेन्यूकार्ड हातात पडताच ज्याला जे आवडले ते त्याने सांगितले आणि कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरने, निमूटपणे अकरा पदार्थ लिहून घेतले. पुढच्या वीस मिनिटांत ते अकराही पदार्थ आले. टेबलावर जागा उरली नाही म्हणून पाण्याचे ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर गेले, कोळंबीच्या टेम्पुराची प्लेट हमसच्या बाऊलवर तिरकी टेकली आणि एक वेटर हातात गरम प्लेट घेऊन ती ठेवायची कुठे हे शोधत उभा राहिला. बाओ, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव, दोनच होते, त्यामुळे संकोचाने कोणीच उचलले नाहीत आणि शेवटी ते गार होऊन चिवट झाले. माणशी जवळजवळ दोन हजार रुपये मोजून आम्ही बाहेर पडलो, आणि आमच्यातल्या एकाने स्टेशनबाहेर उभ्याउभ्या वडापाव खाल्ला.

पदार्थ खरोखर चांगले होते. मागवण्याची रीत मात्र आम्हाला ठाऊक नव्हती. आपल्या पंगतीत वाढपी असतो. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, मग उजवीकडे भाज्या, मग मूद, वरण आणि त्यावर तूप, हा क्रम तो सांभाळतो आणि कोणाच्या पानात काय संपले यावर त्याची नजर असते. छोट्या प्लेट्सच्या टेबलावर हे काम कोणाकडेच नसते, कारण वेटर प्लेट आणून ठेवतो, पण कोणाला किती आणि केव्हा वाढायचे ते ठरवत नाही. ते काम टेबलावरच्या एकाने अंगावर घ्यावे लागते. पुढे दिलेल्या पायऱ्या त्या एकासाठी आहेत, मात्र बाकीच्यांनीही त्या वाचलेल्या असल्या तर त्याचे काम निम्मे होईल.

छोटी प्लेट म्हणजे स्टार्टर नव्हे

स्टार्टर हा जेवण येईपर्यंतचा विरंगुळा असतो. छोट्या प्लेट्समध्ये मात्र तेच जेवण असते आणि मागून रोटी-भाजी येणार नसते. स्पेनमधील तापस, लेबनॉन-तुर्कस्तानकडील मेझे, व्हेनिसमधील चिकेती, कँटनी चहाघरांतील डिमसम आणि जपानी इझाकायातील, म्हणजे मद्यगृहातील, बशा या सगळ्यांची जातकुळी एकच आहे: थोडेथोडे, पुष्कळ प्रकारचे आणि सर्वांच्या मध्ये ठेवलेले. ‘तापा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झाकण असा आहे. स्पेनच्याच उत्तरेकडील बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर काडी टोचून जे पिंचोस देतात, त्यांचा हिशेब पूर्वापार प्लेटमध्ये उरलेल्या काड्या मोजून होत आला आहे. ठाणे-नवी मुंबईतील मेन्यूकार्डांवर या साऱ्यांची सरमिसळ असते. एकाच पानावर मुहम्मरा (लाल मिरची-अक्रोडाची चटणी), कोथिंबीर वडीचा नवा अवतार, ट्रफल तेल शिंपडलेले डिमसम आणि कोळंबीचे टाको सापडतात. मला त्याचे वावडे नाही, मात्र या सरमिसळीमुळेच क्रम ठरवण्याची जबाबदारी खाणाऱ्यावर येते.

किती जण, कोणता वार, कोणती वेळ

या जेवणासाठी चार ही उत्तम संख्या आहे आणि सहा ही शेवटची मर्यादा समजावी. आठ जण असतील तर टेबल एकच घ्यावे, पण मागवताना चार-चारांचे दोन गट धरून प्रत्येक पदार्थाच्या दोन प्लेट्स टेबलाच्या दोन टोकांना ठेवायला सांगाव्यात. लांबलचक टेबलाच्या एका टोकाची प्लेट दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तिच्यात सजावटीची पाने तेवढी उरतात. टेबल राखून ठेवताना गोल किंवा चौरस टेबल मिळेल का, हे जरूर विचारावे. उंच स्टुलांचे अरुंद टेबल देऊ केले तर नाकारावे, कारण त्यावर तीन प्लेट्सही नीट मावत नाहीत.

वार ठरवताना आपल्याकडची गणिते वेगळी असतात. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार. संकष्टी आणि एकादशी मध्येच येतात. श्रावणात निम्मा गट मांसाहार सोडतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरी घट मांडलेला असतो. चातुर्मासात अनेक जैन मंडळी सूर्यास्तापूर्वीच जेवतात, त्यामुळे त्यांना रात्री साडेआठची वेळ देणे म्हणजे न बोलावण्यासारखेच आहे. अशा वेळी रविवारची दुपार निवडावी.

वेळेबाबत आणखी एक. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठणे सोपे आहे, पण स्टेशनपासून घोडबंदर रस्त्यावरच्या हॉटेलापर्यंतचा प्रवास संध्याकाळी किती वेळ घेईल याचा नेम नसतो. म्हणून सगळे येईपर्यंत गरम काहीही मागवू नये. तोवर एडामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), ऑलिव्ह, हमस किंवा पापडाचा एखादा प्रकार असे वाट पाहू शकणारे पदार्थ पुरेसे आहेत.

आदल्या दिवशी विचारायचे तीन प्रश्न

व्हॉट्सअॅपच्या गटावर आदल्या दिवशी तीन प्रश्न टाकावेत: कोण काय खात नाही, कोणाला काय सोसत नाही आणि माणशी किती खर्च चालेल. तिसरा प्रश्न विचारताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, पण तोच सर्वांत आधी विचारावा. ‘बघू या’ असे मोघम न लिहिता ‘जेवणाचे माणशी दीड हजार, पेये वेगळी’ असा आकडा लिहावा. ज्याला तो जड वाटतो त्याला टेबलावर बसण्याआधी बोलता येते, आणि उत्तर थेट तुम्हाला एकट्याला कळवले तरी चालेल असेही लिहावे.

पहिल्या प्रश्नाला ‘मी व्हेज आहे’ एवढे उत्तर आले तर ते पुरेसे नाही. अंडे चालते का, चीज चालते का, मांसाहाराच्या चिमट्याने उचललेले चालते का, हे विचारावे, कारण परदेशी पाककृतींमध्ये मांसाहार नजरेआड दडलेला असतो. थाई पपई सॅलडमध्ये मूळ पद्धतीने फिश सॉस आणि सुकट असते, थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, मिसो सूपचा आधार असलेल्या दाशीत बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे कीस असतात, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि वुस्टरशर सॉसमध्येही तेच असतात. इटलीतले अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध फाडणारे द्रव्य वापरून करतात, आणि पन्नाकोट्टा हा सायीचा गोड पदार्थ घट्ट होतो तो प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनमुळे. आपल्याकडची बरीच रेस्टॉरंट्स शाकाहारी ग्राहकांसाठी यातले घटक बदलतात, पण सगळीच बदलत नाहीत. मेन्यूवर हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ असेल तर प्रश्न मिटला. तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण ही मांसाहाराची खूण आहे. आणि कोणतीच खूण नसेल तर कॅप्टनला नेमके विचारावे. ‘हे व्हेज आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो सर’ असेच उत्तर येते. ‘यात फिश सॉस पडतो का?’ या प्रश्नाला मात्र तो आत जाऊन विचारून येतो.

जैन मित्र असेल तर प्रश्न कांदा, लसूण आणि बटाटा नसलेला पदार्थ कोणता एवढाच राहत नाही. ‘आत्ता, ताजा करून कोणता मिळेल’ हेही विचारावे लागते. हमस, डिमसमचे सारण, कबाबांचे मॅरिनेशन आणि बरेचसे सॉस दुपारीच तयार करून ठेवलेले असतात, आणि त्यांत पडलेला लसूण रात्री आठ वाजता कोणी काढू शकत नाही. टेबल राखून ठेवण्याच्या फोनवरच ही विचारणा केली तर स्वयंपाकघर आनंदाने दोन पदार्थ वेगळे काढून ठेवते. तळण वेगळ्या तेलात होते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

अॅलर्जीच्या बाबतीत भीड बाळगू नये. ग्लूटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व इतर कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाबाहेरचे सल्फाइट ही आपल्या अन्नसुरक्षा नियमांतील अॅलर्जीकारक घटकांची यादी आहे. वाटून खाण्याच्या टेबलावर एका प्लेटमधला चमचा दुसऱ्या प्लेटमध्ये सहज जातो, त्यामुळे शेंगदाण्याची गंभीर अॅलर्जी असलेला एक जण असेल तर साते (काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे) आणि त्याचा शेंगदाण्याचा सॉस संपूर्ण टेबलाने त्या दिवसापुरता विसरावा.

वाढपी कोण

जो सर्वांत जास्त खातो तो वाढपी नसावा, आणि जो पैसे देणार आहे तोही नसावा. पहिल्याचे लक्ष स्वतःच्या प्लेटकडे असते आणि दुसऱ्याचे उजवीकडच्या किमतीच्या रकान्याकडे. संभाषण सोडून दहा मिनिटे मेन्यू वाचण्याची तयारी असलेला माणूस निवडावा. आमच्या गटात हे काम एका मैत्रिणीकडे गेले आहे. ती शाळेत शिक्षिका आहे, आणि पाहताक्षणी टेबलावरची डोकी मोजण्याची तिची सवय इथे कामी येते. बाकीच्यांनी तिला फक्त एकेक हट्टाचा पदार्थ सांगायचा असतो. सहा हट्ट पूर्ण केले की उरलेल्या प्लेट्सची निवड तिची.

प्लेट्स मोजाव्यात, त्याआधी नग मोजावेत

माणशी दोन ते अडीच छोट्या प्लेट्स हा अंदाज मला बरोबर वाटतो. सहा जणांसाठी बारा ते पंधरा होतात, आणि शेवटी भात किंवा नूडल्सचा मोठा बाऊल घ्यायचा असेल तर त्यातल्या दोन वजा कराव्यात. मात्र खरी गफलत प्लेट्सच्या संख्येत नसून नगांच्या संख्येत होते. बाओ बहुधा दोन येतात, टाको दोन किंवा तीन, निगिरी सुशी दोन, डिमसमची करंडी चार ते सहा, उलट्या (भात बाहेर असलेल्या) सुशी रोलचे तुकडे साधारणतः आठ आणि कबाब चार ते सहा. मेन्यूवर हा आकडा नेहमी छापलेला नसतो, म्हणून प्रत्येक नगाच्या पदार्थाबाबत कॅप्टनला ‘किती पीस येतात?’ हे विचारलेच पाहिजे. यात काहीही कमीपणा नाही. उलट, चांगला कॅप्टन त्यावर स्वतःहून सांगतो की सहा जणांसाठी दोन नग वाढवून देता येतील आणि तेवढ्याचेच पैसे लागतील.

नगांचे पदार्थ आणि चमच्याचे पदार्थ असे दोन ढीग मनात करावेत. हमस, सॅलड, सेविचे (लिंबात मुरवलेला कच्चा मासा), चिली टोफू, मशरूमची परतलेली भाजी, रिसोट्टो हे चमच्याचे पदार्थ कितीही जणांत वाटले जातात. नगांचे पदार्थ एक तर माणसांच्या संख्येइतके किंवा तिच्या पटीत घ्यावेत, नाही तर निम्मे करता येतील असे निवडावेत. डिमसम निम्मे करता येत नाहीत. कापले की सारण एकीकडे आणि पापुद्रा दुसरीकडे होतो. बाओ मात्र निम्मे करता येतात, पण सुरी दुमडीच्या बाजूने घालावी. उघड्या बाजूने कापले तर आतले सगळे सारण प्लेटमध्ये सांडते, आणि पिकल केलेली काकडी तर हमखास शेजाऱ्याच्या अंगावर जाते.

सहा जणांसाठी मी नगांचे पदार्थ पाचापेक्षा जास्त घेत नाही. बाकीचे चमच्याचे घेतो, म्हणजे कोणाला कमी-जास्त भूक असली तरी ती तिथे भागते.

एका दमात सांगू नये

या लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. कॅप्टनने तुमची ऑर्डर लिहून घेतली की केओटी फाटते, म्हणजे स्वयंपाकघरात चिठ्ठी जाते, आणि ज्या विभागाचा पदार्थ आधी तयार होईल तो आधी बाहेर पडतो. तळणाची कढई, वाफेच्या करंड्या, तंदूर आणि थंड पदार्थांचा कट्टा यांच्यावर वेगवेगळी माणसे काम करतात. तुमच्या टेबलाचा क्रम लावण्याचे काम यांपैकी कोणाचेच नसते. म्हणून चौदा पदार्थ ठरलेले असले तरी चारच सांगावेत आणि उरलेल्यांची यादी फोनमध्ये लिहून ठेवावी. कॅप्टन आग्रह करील की सगळे आत्ताच सांगा, वेळ लागेल. त्यावर ‘पहिले चार पाठवा, पुढचे चार होल्डवर ठेवा, मी सांगितल्यावर सोडा’ असे सांगावे. ही भाषा त्याच्या रोजच्या ओळखीची आहे.

पहिल्या फेरीत थंड आणि आंबट-ताजे पदार्थ असावेत: एखादे सॅलड, एखादा मेझेचा प्रकार, कच्च्या किंवा लिंबात मुरवलेल्या माशाचे काही. हे पंधरा मिनिटे टेबलावर राहिले तरी बिघडत नाहीत आणि तेवढ्यात उशीर झालेला मित्रही येऊन पोहोचतो. दुसऱ्या फेरीत वाफवलेले आणि तळलेले पदार्थ घ्यावेत, पण एका वेळी दोनच. प्लेट छोटी असल्यामुळे तिच्यात उष्णता धरून ठेवण्याइतके अन्नच नसते आणि ती मोठ्या हंडीपेक्षा कितीतरी लवकर गार होते. तळलेल्याचे आवरण आतल्या वाफेनेच पाच-सात मिनिटांत मऊ पडते, आणि डिमसमच्या पापुद्र्यातला स्टार्च गार होताना आवळून चिवट होतो. डिमसमची करंडी आली की फोटो एकाने काढावा, सहांनी नव्हे.

तिसऱ्या फेरीत तंदूर किंवा ग्रिलवरचे पदार्थ, म्हणजे कबाब, मासे, पनीर किंवा फ्लॉवरचा मोठा भाजलेला तुकडा यावा. ही फेरी सोडण्याआधी वाढप्याने टेबलावर एक नजर फिरवून सर्वांना विचारावे, कारण बहुतेक गटांना इथवर आल्यावर कळते की भूक अंदाजापेक्षा कमी उरली आहे. होल्डवरचे रद्द करता येते, केओटी सुटलेले येत नाही, आणि हाच फेऱ्यांचा सर्वांत मोठा फायदा आहे. चवीचा विचार केला तरी सौम्यापासून तिखटाकडे जाणे बरे. आधीच शेजवान मिरीचा पदार्थ खाल्ला तर तिच्या झिणझिण्या जिभेवर रेंगाळतात आणि नंतरच्या नाजूक सुशीची चव कळतच नाही.

चौथ्या फेरीचा नियम करू नये. कोणी म्हणते की भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. मग एक बर्न्ट गार्लिक राइस किंवा एक पास्ता मध्ये ठेवावा. आवडलेली एखादी प्लेट ‘रिपीट’ करणे हे नवीन पदार्थ मागवण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचे असते, विशेषतः जी प्लेट तीन मिनिटांत रिकामी झाली ती. गोड पदार्थ मात्र माणसांच्या निम्मे पुरतात.

टेबलावरची रीत आणि उष्ट्याचा प्रश्न

पाश्चात्त्य शिष्टाचारात ज्याला फारसे नाव नाही, ती उष्ट्याची कल्पना आपल्याकडे पक्की आहे, आणि इथे ती फार उपयोगी पडते. बसल्याबरोबर वेटरकडे प्रत्येक चमच्याच्या पदार्थासाठी वेगळा सर्व्हिंग स्पून आणि नगांसाठी दोन चिमटे मागावेत. शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका बाजूला आणि मांसाहारी दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगावे, आणि त्या-त्या बाजूचा चमचा तिथेच राहील हे पाहावे. पिटा किंवा क्रॅकर एकदा बुडवून चावला की तो पुन्हा मधल्या बाऊलमध्ये जाऊ नये. ज्याला बुडवत खायचे आहे त्याने दोन चमचे हमस स्वतःच्या प्लेटमध्ये वाढून घ्यावा. चॉपस्टिक्स वापरणार असाल तर मधल्या प्लेटमधून घेताना तोंडाला न लागलेले मागचे टोक वापरावे किंवा सरळ चमचा घ्यावा. चॉपस्टिक्सने एकमेकांच्या चॉपस्टिक्समध्ये पदार्थ देणे आणि त्या भातात उभ्या खोचणे जपानमध्ये अशुभ मानतात, कारण दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

प्रत्येक फेरीनंतर क्वार्टर प्लेट्स बदलून मागाव्यात. बीटरूटच्या सॉसने लाल झालेल्या प्लेटमध्ये लेमन फिश खाण्यात मजा नाही, आणि चांगल्या रेस्टॉरंटमध्ये ही सेवा न मागताही मिळते.

एक पदार्थ मी जवळून पाहिला आहे तो म्हणजे बुराटा, कारण हल्ली तो प्रत्येक टेबलावर येतो. मूठभर पांढरा गोळा, बाहेर ताणलेल्या मोझरेलाची पिशवी आणि आत सायीत भिजलेले चीजचे धागे. तो मध्ये ठेवून ज्याने-त्याने काट्याने टोचला तर पहिल्याला सगळी साय मिळते आणि शेवटच्याला रबरासारखे साल. वाढप्याने सुरी घेऊन तो वरून एकदाच उभा चिरावा, दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला उघडावेत, आतली साय चमच्याने सोबतच्या टोमॅटोंवर सगळीकडे पसरावी आणि मग साल कापून सहांच्या प्लेटमध्ये टोमॅटोसकट वाढावे. एक मिनिट लागते. पावाचा तुकडा सर्वांत शेवटी द्यावा, कारण प्लेटच्या तळाशी तेल, साय आणि टोमॅटोचा रस यांचे जे मिश्रण उरते त्यासाठीच तो आहे.

शेवटचा तुकडा हा सगळ्या जगाचा पेच आहे. जपानच्या कन्साई भागात प्लेटमध्ये संकोचाने उरलेल्या अशा शेवटच्या घासाला ‘एन्र्यो नो कातामारी’, म्हणजे जणू संकोचाचा गोळा, असे नावच आहे. आपल्याकडे ‘तू घे’, ‘नको, तू घे’ असे चार वेळा होऊन शेवटी वेटर ती प्लेट उचलून नेतो. वाढप्याने इथे आग्रह न करता सरळ निर्णय द्यावा: ज्याला आधीच्या फेरीत कमी मिळाले त्याच्या प्लेटमध्ये तो तुकडा ठेवून मोकळे व्हावे.

पाणी, बिल आणि टीटीएमएम

बसल्यावर पहिला प्रश्न येतो ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ दोन्ही विकतचे असते. साधे पाणी हवे असेल तर ‘रेग्युलर’ असे स्पष्ट सांगावे. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीसाठी जास्त किंमत आकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

बिलावर पदार्थांच्या बेरजेनंतर जीएसटी येतो. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो आणि अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. बजेट सांगताना हा फरक लक्षात घ्यावा. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून त्याची बेरीज वेगळी छापलेली असते. सेवाशुल्काबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. बिलावर ते आढळले तर आवाज न चढवता ‘हे काढून द्या’ असे मॅनेजरला सांगावे. बहुतेक ठिकाणी ते लगेच काढून देतात, आणि नाही काढले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. टीप ही त्यापासून वेगळी गोष्ट आहे. चार फेऱ्यांत आठ वेळा प्लेट्स बदलणाऱ्या वेटरच्या हातात ती रोख द्यावी, हे माझे मत.

आता टीटीएमएम. तुझे तू, माझे मी हे तत्त्व थाळीला लागू पडते. मधल्या प्लेटमधून कोणी किती घास घेतले याचा हिशेब कोण ठेवणार? एक उदाहरण घेऊ. सहा जण आहेत, त्यांत दोघे शाकाहारी आणि तिघे मद्य घेणारे. शाकाहारी आठ प्लेट्सचे ४,००० रुपये, मांसाहारी सहा प्लेट्सचे ४,५०० रुपये, मिळून ८,५०० आणि जीएसटी धरून ८,९२५ रुपये. पेयांचे व्हॅटसह ३,९६० रुपये. सगळे एकत्र करून सहांत भागले तर प्रत्येकी २,१४७ रुपये ५० पैसे होतात, म्हणजे लिंबूपाण्यावर बसलेला शाकाहारी मित्र दुसऱ्याच्या व्हिस्कीचे पैसे भरतो. दुसरे टोक म्हणजे मांसाहारी प्लेट्स चौघांतच वाटणे. मग शाकाहारी मित्राला अवघे ७०० रुपये पडतात. पण त्याने शाकाहारी प्लेट्समधला मोठा वाटा खाल्लेला असतो, त्यामुळे तेही फारसे बरोबर नाही.

माझा कल मधल्या वाटेकडे आहे: जेवण सर्वांत समान, म्हणजे प्रत्येकी १,४८७ रुपये ५० पैसे, आणि पेये पिणाऱ्यांत, म्हणजे तिघांना प्रत्येकी १,३२० रुपये. लॉबस्टर किंवा खेकड्यासारखी एखादीच भारी प्लेट असेल तर तेवढी बाजूला काढून खाणाऱ्यांत वाटावी. कोणती रीत वापरायची हे मात्र पहिली फेरी येण्याआधी सांगितलेले असावे. बिल एकाने भरावे आणि बाकीच्यांनी खुर्चीवरून उठण्याआधी त्याला यूपीआयने पैसे पाठवावेत. सहा जणांनी सहा कार्डे पुढे केली तर मशीनपाशी उभा असलेला वेटर तेवढा वेळ दुसऱ्या टेबलाला मुकतो.

उरलेले पार्सल घेताना

तळलेले आणि सॅलड पार्सल करू नये. घरी पोहोचेपर्यंत दोन्ही लोळागोळा होतात. कच्चा मासा असलेले तर अजिबात घेऊ नये. हमस, कबाब, भात आणि डिमसम नेता येतात, पण ते घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेले पाहिजेत, गप्पांच्या नादात रात्रभर ओट्यावर राहू नयेत. कबाब दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून गरम करावेत. डिमसमला मायक्रोवेव्ह दाखवू नये, त्याने कडा कडक होतात. इडलीपात्राच्या ताटलीला तेलाचे बोट लावून त्यात ते सुटेसुटे ठेवावेत आणि पाण्याला उकळी आल्यावर चार मिनिटे वाफवावेत, म्हणजे आवळलेला पापुद्रा पुन्हा मऊ आणि पारदर्शक होतो.